माणिकबागेतला यजमान

इंदूरचे महाराजा दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या सुमारास आपल्या राहत्या घरासाठी जो आराखडा स्वीकारला, तो त्या काळच्या युरोपातील धनिकांनाही धाडसाचा वाटला असता. त्या घराची आणि त्याच्या मालकाची ही कहाणी.

कर्जतहून मुरबाडच्या दिशेने निघाले की कडावच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या बंगल्यांच्या पाट्या दिसू लागतात. बाल दिगंबर गणेशासाठी ओळखले जाणारे हे गाव गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या लोकांच्या शनिवार-रविवारच्या घरांनी वेढले गेले आहे. या घरांत सर्वाधिक हौस कशावर खर्च होत असेल, तर ती जेवणाच्या खोलीवर. नक्षीकाम नको, झुंबर नको, सरळ रेषांचे मेज हवे, धातूच्या नळीच्या खुर्च्या हव्यात, दिवा डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो छतात दडलेला हवा, अशी मागणी करणारे गिऱ्हाईक आता दुर्मीळ राहिलेले नाही. इंटीरियरवाले या प्रकाराला निरनिराळी नावे देतात. हाच हट्ट एका मराठी राजाने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी धरला होता आणि तो पुरवण्यासाठी बर्लिनहून वास्तुरचनाकार व पॅरिसहून कारागीर कामाला लावले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या राजाचे नाव यशवंतराव होळकर. मराठी वाचकाला हे नाव ऐकताच इंग्रजांना सळो की पळो करून सोडणारे पहिले यशवंतराव आठवतात. येथे ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते दुसरे. नीरेकाठच्या होळ गावातून निघालेल्या मल्हाररावांनी माळव्यात जे राज्य उभे केले आणि अहिल्याबाईंनी महेश्वरात बसून ज्याचा लौकिक वाढवला, त्या गादीचे हे सत्ताधारी म्हणून अखेरचे वारस. जन्म ६ सप्टेंबर १९०८. मृत्यू ५ डिसेंबर १९६१, मुंबईत. मधल्या त्रेपन्न वर्षांत या माणसाने जगाच्या कलेतिहासात स्वतःची एक जागा मिळवली, परंतु त्यांच्या स्वतःच्या मुलखात त्यांची आठवण राहिली ती मुख्यतः एका रुग्णालयाच्या आणि एका तलावाच्या नावात.

गादीवर ते ज्या रीतीने आले, ती रीत कोणालाही आवडली नसती. १२ जानेवारी १९२५च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याचा खून करण्यात आला. मोटारीत मुमताज बेगम ही इंदूर दरबार सोडून आलेली नर्तिका होती. तिला पळवून नेण्याचा हा बेत योगायोगाने तेथून जाणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांमुळे फसला. खटल्यात गुन्हेगारांना शिक्षा झाल्या, पण संशयाचे बोट इंदूरच्या राजवाड्याकडे वळले. महाराजा तिसरे तुकोजीराव यांच्यापुढे सरकारने दोन पर्याय ठेवले. चौकशीला सामोरे जावे किंवा गादी सोडावी. तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६मध्ये गादी सोडली. अशा प्रकारे सतरा वर्षांचा मुलगा महाराजा झाला. तो अल्पवयीन असल्यामुळे कारभार मंत्रिमंडळाकडे राहिला आणि राज्याचे पूर्ण अधिकार हाती यायला १९३०चा मे महिना उजाडावा लागला.

दोन वर्षांनी वडील पुन्हा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. अमेरिकेच्या नॅन्सी मिलर यांनी नाशिक येथे हिंदू धर्म स्वीकारून शर्मिष्ठादेवी हे नाव घेतले आणि १९२८मध्ये तुकोजीरावांशी विवाह केला. महाराष्ट्रात त्यावर उलटसुलट रणे माजली. वडिलांच्या नावाभोवतीच्या या गदारोळापासून मुलगा दूर होता, तो इंग्लंडमध्ये. चीम आणि चार्टरहाऊस या शाळा, त्यानंतर ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च महाविद्यालय, असे त्याचे शिक्षण झाले. राजपुत्रांना इंग्रजी शाळेत घालण्यामागे सरकारचा हेतू उघड होता. त्यांनी क्रिकेट खेळावे, शिकार करावी, टेबलावर काटा-चमचा नीट धरावा आणि परत येऊन मुकाट्याने राज्य करावे. यशवंतराव हे सारे शिकले, पण त्याखेरीज आणखी एक गोष्ट शिकले, जी अभ्यासक्रमात नव्हती. त्यांना नवी चित्रे आणि नवी घरे पाहण्याचा छंद लागला.

त्याला कारण झाले त्यांचे शिक्षक मार्सेल हार्डी. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या हार्डी यांनी युवराजाला युरोपातील कलावंतांच्या वर्तुळात नेले. त्यांच्यामार्फत ऑक्सफर्डच्या दिवसांत यशवंतरावांची एकार्ट मुथेझियस या जर्मन तरुणाशी गाठ पडली. मुथेझियस जन्माने १९०४चा, म्हणजे महाराजांहून अवघ्या चार वर्षांनी मोठा. त्याचे वडील हर्मान मुथेझियस हे जर्मनीतील नामवंत वास्तुशास्त्रज्ञ. इंग्रज माणूस घर कसे बांधतो, खोल्या कशा रचतो, याचा त्यांनी इंग्लंडमध्ये राहून बारकाईने अभ्यास केला आणि त्यावर १९०४-०५च्या सुमारास तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. कारखानदार व कलावंत यांना एकत्र आणणाऱ्या जर्मन वेर्कबुंड या संस्थेच्या १९०७मधील स्थापनेतही त्यांचा मोठा वाटा होता. रोजच्या वापरातील वस्तू चांगली असली पाहिजे, आणि चांगली म्हणजे नक्षीदार नव्हे, हा विचार या घरात मुलाला पाटावरच मिळाला होता.

दुसरा सोबती पॅरिसचा. आन्री-पिएर रोशे हा कलासंग्राहकांना चित्रे-शिल्पे मिळवून देणारा, सर्व कलावंतांचा मित्र असणारा गृहस्थ. पुढे उतारवयात त्याने लिहिलेली कादंबरी चित्रपटामुळे जगभर गाजली, पण तेव्हा तो पडद्याआडचा माणूस होता. रोशेने महाराजांना पॅरिसच्या कार्यशाळांतून हिंडवले. झाक दूसे या वयोवृद्ध वस्त्ररचनाकाराचे नुयी येथील दालन दाखवले. दूसे यांनी आयुष्यभर जमवलेला अठराव्या शतकातील जुना संग्रह विकून टाकला होता आणि म्हातारपणी संपूर्ण नव्या पद्धतीचे घर सजवले होते. एकवीस वर्षांच्या राजाला ते पाहून काय वाटले असेल याचा अंदाज बांधणे कठीण नाही. जुने विकता येते आणि नवे करता येते, हे त्याच्या डोळ्यांसमोर होते.

या भ्रमंतीत ते एकटे नव्हते. कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह १९२४मध्येच झाला होता. तेव्हा वर पंधरा वर्षांचा आणि वधू त्याहून लहान होती. मान रे या अमेरिकी छायाचित्रकाराने या जोडप्याची काढलेली छायाचित्रे पाहण्यासारखी आहेत. दरबारी छायाचित्रांत नेहमी दिसणारा ताठरपणा त्यांत नाही. दोघे हसतात, एकमेकांच्या अंगावर रेलतात, कॅमेऱ्याशी खेळतात. कोणी सांगितले नाही तर ती एखाद्या संस्थानाच्या राजा-राणीची आहेत असे वाटणारही नाही. बर्नार बूते द मोंव्हेल या चित्रकाराने महाराजांची दोन मोठी व्यक्तिचित्रे रंगवली. एकात ते काळ्या पाश्चात्त्य पोशाखात उभे आहेत, अंगावर झगा, चेहरा सडपातळ आणि किंचित परका. दुसऱ्यात मराठेशाही पागोटे, शुभ्र वस्त्रे आणि गळ्यात घराण्याचे प्रसिद्ध हिरे. एकच माणूस, दोन पोशाख. त्यातला खरा कोणता, हा प्रश्न चित्रकाराने सोडवलेला नाही आणि बहुधा यशवंतरावांनाही कधी सोडवता आला नाही.

राज्यावर येताच त्यांनी माणिकबागेचे काम मुथेझियसकडे सोपवले. इंदुरात राजवाड्यांची वाण नव्हती. शहराच्या मध्यभागी जुना सातमजली राजवाडा उभा होता. खान नदीच्या काठी लालबाग होती, जिचे बांधकाम १८८६मध्ये सुरू होऊन तीन पिढ्या चालले. लालबागेच्या फाटकांचा नमुना लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यावरून घेतलेला, आत संगमरवरी खांब, सोनेरी मुलामा, छतावर रंगवलेल्या देवता. तेथील भोजनाची व्यवस्था तर ऐकण्याजोगी आहे. मुदपाकखाना नदीच्या पलीकडच्या काठावर होता आणि भुयारी मार्गाने ताटे इकडे आणली जात. धूर, वास आणि आचाऱ्यांची वर्दळ पाहुण्यांच्या नजरेस पडू नये, हा त्यामागचा विचार. वैभव म्हणजे श्रम दिसू न देणे, अशीच त्या काळाची समजूत होती.

आपल्याकडे जेवणाची जागा ही कधीच नुसती जेवणाची नव्हती. पाट कोणाचा कोठे मांडला, रांगोळी कोणाच्या ताटाभोवती, पंगतीत कोण कोणाच्या शेजारी, सोवळ्यात कोण आणि बाहेर पडवीत कोण, या सगळ्यातून माणसाची पायरी ठरत असे. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या मंडळींसमोर चहाचे पेले ठेवले गेले, तेव्हा त्या एका पेयावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचा वाद कित्येक महिने चालला. ही घटना यशवंतरावांच्या जन्माआधी अवघ्या अठरा वर्षांची. संस्थानिकांनी यावर जो तोडगा काढला तो सोयीचा होता. साहेब आला की मेजवानीचा इंग्रजी दिवाणखाना, सणावाराला आतल्या चौकात पाट आणि चांदीची ताटे. दोन्ही ठिकाणी दिमाख तोच, फक्त मांडणी निराळी.

माणिकबागेत यशवंतरावांनी ही दुहेरी व्यवस्था मोडली. १९३० ते १९३३ या काळात जे घर उभे राहिले त्याची रचना इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो राजवाडा वाटणार नाही. कळस नाही, घुमट नाही, जाळीदार सज्जे नाहीत. खरा बदल आत होता. दारे, खिडक्या, दिवे, कड्या-कोयंडे, न्हाणीघरातील सामान अशा असंख्य वस्तू जर्मनीत तयार झाल्या आणि पेट्यांत भरून जहाजाने भारतात आल्या. भारतात यंत्राने थंड ठेवलेली राहती घरे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती, त्यांत माणिकबागेचा क्रमांक अगदी पहिल्यांत लागतो. माळव्याचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे त्याला या सोयीचे महत्त्व सांगायला नको. पंखा ओढणारा नोकर, वाळ्याचे पडदे, त्यांवर सतत शिंपडले जाणारे पाणी, हे सारे या घरातून निवृत्त झाले.

भोजनकक्षाकडे वळू. मुथेझियस स्वतः उत्तम छायाचित्रकार होता आणि घर पुरे होताच त्याने खोली खोली टिपून ठेवली. ही कृष्णधवल छायाचित्रे आज त्या घराचा सर्वांत विश्वासू पुरावा आहेत. त्यांत सर्वप्रथम जाणवतो तो रिकामेपणा. भिंतींवर शिकारीची मुंडकी नाहीत, पूर्वजांच्या तसबिरींची रांग नाही, मखमली पडद्यांचे झालरदार ओझे नाही. लालबागेत जेवायला बसलेला पाहुणा मान वर करून छत पाहत असेल. येथे पाहण्यासारखे होते ते मेज, त्यावरचा प्रकाश आणि समोर बसलेला माणूस.

प्रकाशाचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण या शैलीचे मर्म त्यातच आहे. झुंबर मूळचे मेणबत्त्यांसाठी. ज्योत मंद असते, म्हणून ती अनेक लोलकांतून परावर्तित करून वाढवावी लागते. वीज आल्यावर लोकांनी तेच झुंबर ठेवून त्यात बल्ब बसवले आणि जेवणाऱ्याच्या डोळ्यांत झळाळी शिरू लागली. युरोपातील नव्या रचनाकारांनी या विसंगतीवर बोट ठेवले. विजेचा दिवा प्रखर असतो, त्याला वाढवायचे नसून विखुरायचे असते. म्हणून दिवा दडवायचा, त्याचा झोत छतावर किंवा भिंतीवर टाकायचा आणि तेथून परतलेला मऊ उजेड खोलीत पसरू द्यायचा. दुधी काच आणि चकचकीत धातू यांचा उपयोग याच कामी होतो. मुथेझियसने माणिकबागेसाठी घडवलेले उभे दिवे आज कलावस्तू म्हणून गणले जातात. वाचनाच्या खोलीसाठी त्याने केलेल्या लाल आरामखुर्च्यांत तर दिवा खुर्चीच्या अंगातच बसवलेला आहे. आजच्या फॉल्स सीलिंगच्या कडेने पळणाऱ्या उजेडाच्या पट्टीचे कूळ येथवर मागे जाते, हे पीओपी करणाऱ्या कारागिराला कोणी सांगितले तर त्याला गंमत वाटेल.

मेजावरची चांदी झाँ प्यूईफोर्का यांची. पॅरिसच्या रौप्यकारांच्या घराण्यातला हा माणूस शिल्पकलाही शिकलेला होता. चांदीवर वेलबुट्टी कोरणे त्याला मान्य नव्हते. भांड्याचा आकार वर्तुळ, गोल, शंकू आणि त्यांच्या परस्पर प्रमाणातून निघाला पाहिजे, असा त्याचा आग्रह. त्याचे काटे-चमचे हातात घेतले तर सजावट म्हणून काही सापडत नाही, पण तोल असा की बोटांना चूक काढता येत नाही. कोल्हापूर-इंदूरकडच्या घरांत चांदीचे ताट म्हणजे काठावर उठावाचे काम आणि मध्ये नाव, हे ज्यांच्या अंगवळणी पडले होते, त्यांना ही बोडकी चांदी पाहून काय वाटले असेल? घडणावळीचे पैसे वाचवले असे एखाद्या जुन्या सरदाराच्या मनात आलेच असणार. वस्तुस्थिती उलट होती. नक्षी ठोक्याची चूक झाकते. सपाट पृष्ठभागावर एक ओरखडाही लपत नाही, म्हणून असे भांडे घडवणे अधिक कठीण आणि अधिक महाग.

प्यूईफोर्का, आयलीन ग्रे, शार्लोट पेरियां ही मंडळी १९२९मध्ये पॅरिसला निघालेल्या आधुनिक कलावंतांच्या संघाच्या वर्तुळातली. १९२५च्या पॅरिस प्रदर्शनात जी शैली गाजली आणि जिला पुढे आर्ट डेको हे नाव पडले, तिच्यातील उंची लाकूड, हस्तिदंत व सोनेरी ठसक्यावर या संघाचा आक्षेप होता. महाराजांनी या भांडणात बाजू घेतली नाही. त्यांच्या अभ्यासिकेत रुलमान यांचे मकासर आबनुसाचे भारदस्त लिहिण्याचे मेज होते, म्हणजे जुन्या ऐश्वर्याचा शेवटचा मोठा कारागीर. शयनगृहासाठी लुई सोन्यो आणि शार्लोट आलिक्स यांनी काच व धातूचा पलंग केला. आयलीन ग्रेची ट्रान्झॅट नावाची आरामखुर्ची होती, जहाजाच्या डेकवरील खुर्चीवरून सुचलेली. ल कॉर्बुझिए, पेरियां आणि जानरे यांची आज सर्वज्ञात झालेली लांब आरामखुर्चीही होती, मात्र बिबट्याच्या कातड्याने मढवलेली. यंत्रयुगाच्या त्या साध्या खुर्चीवर शिकारीचे कातडे चढले तेथे आतला संस्थानिक जागा झाला म्हणायचा. जमिनीवर इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स याचे भूमितीच्या आकृत्यांचे गालिचे अंथरलेले होते. मुथेझियसने पुढे महाराजांच्या रेल्वेच्या सलूनचे आणि विमानाचे अंतरंगही आखून दिले.

या सर्वांचा खर्च राज्याच्या उत्पन्नातून होत होता, हे विसरून चालणार नाही. जागतिक मंदीची ती वर्षे. माळव्यातील कापसाचे आणि अफूचे दिवस पूर्वीसारखे राहिले नव्हते. इंदूरच्या गिरण्यांत हजारो मजूर राबत होते आणि त्यांच्या चाळींत यंत्राचा थंडावा नव्हता. चांदीवरचे नक्षीकाम काढून टाकल्याने राजा आणि रयत यांतील अंतर कमी होत नाही. असे असले तरी यशवंतरावांना केवळ उधळ्या ठरवणे अन्यायाचे होईल. शहराला पाणी पुरवणारा यशवंतसागर त्यांच्या कारकिर्दीत बांधला गेला. संस्थानातील चित्रकलेच्या शाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे मराठी शिक्षक शिकवत होते आणि त्यांच्या हाताखालून नारायण श्रीधर बेंद्रे व मकबूल फिदा हुसेन बाहेर पडले. ज्या वर्षांत राजा पॅरिसमध्ये नव्या कलेचा शोध घेत होता, त्याच वर्षांत भारतातील नव्या कलेचे दोन मोठे शिलेदार त्याच्याच शहराच्या रस्त्यांवर बसून जलरंगात चित्रे रंगवत होते. या दोन इंदूरांची भेट व्हायला हवी होती.

१९३५मध्ये इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. तेही कलाप्रेमी, स्वतः चित्रकार, पण त्यांची वाट वेगळी. रामायणाची चित्रे काढणारा, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारा आणि आपल्या छोट्या गावात १९३८मध्ये लोकांसाठी संग्रहालय उघडणारा हा राजा. औंधच्या संग्रहालयात आजही कोणीही तिकीट काढून जाऊ शकतो. माणिकबागेतील वस्तू जगभर विखुरल्या. दोन मराठी राजांच्या कलाप्रेमाचा हा फरक पैशाचा नव्हता, कारण पैसा इंदूरकडे कितीतरी पटींनी अधिक होता.

घर पूर्ण झाले त्या १९३३ सालीच पॅरिसमध्ये उषाराजे यांचा जन्म झाला. पुढची तीन-चार वर्षे बहुधा यशवंतरावांच्या आयुष्यातील सर्वांत भरलेली. याच सुमारास त्यांनी कॉन्स्टन्टिन ब्रांकुसी या रुमानियन शिल्पकाराकडून अवकाशातील पक्षी या मालिकेतील तीन शिल्पे घेतली. एक पितळी झळाळीचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. पंख नाहीत, चोच नाही, केवळ वर झेपावणारी एक निमुळती रेषा. या पक्ष्यांसाठी माणिकबागेच्या परिसरात एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले. मध्ये पाण्याचे कुंड, भोवती तीन पक्षी, छतातील झरोक्यातून उतरणारा प्रकाश, आणि आत शिरण्यासाठी जमिनीखालून वाट, अशी ब्रांकुसीची कल्पना होती. एका वेळी एकाच माणसाने तेथे बसावे.

१९३७मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वयाची पंचविशीही त्यांनी गाठली नव्हती. ज्या घराची प्रत्येक खोली दोघांच्या मापाने आखलेली होती, त्यात त्यांचे वास्तव्य जेमतेम चार वर्षांचे, तेही युरोपच्या फेऱ्या वजा जाता. मंदिराच्या योजनेला आता स्मारकाचा अर्थ आला होता. त्या हिवाळ्यात ब्रांकुसी समुद्रमार्गे भारतात आला आणि जानेवारी १९३८मध्ये इंदुरात राहिला. कामाला आरंभ होईल या आशेने तो थांबला, पण राजाचे मन त्यात उरले नव्हते. काही आठवड्यांनी शिल्पकार परतला. मंदिराची एक वीटही रचली गेली नाही.

त्यानंतरचे यशवंतराव समजून घेणे अवघड जाते. १९३८मध्ये त्यांनी मार्गरेट लॉलर या अमेरिकी महिलेशी विवाह केला. तो १९४३मध्ये संपुष्टात आला आणि त्याच वर्षी युफेमिया क्रेन यांच्याशी तिसरा विवाह झाला. १९४४मध्ये शिवाजीराव ऊर्फ रिचर्ड यांचा जन्म झाला. अमेरिकेत त्यांचे दीर्घ मुक्काम होऊ लागले. १९४२मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याचे आवाहन केले. ब्रिटिशांच्या मर्जीवर गादी टिकवून असलेल्या संस्थानिकाकडून हे धाडस अनपेक्षित होते आणि दिल्लीतील सरकारला ते मुळीच रुचले नाही.

घरातील खोल्या मूक होत गेल्या तसे मैदान गजबजले. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे अशी नावे त्या संघात होती. मार्च १९४५मधील मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात युद्धानिमित्त भारतात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढूनही संघ हरला. मुंबईकर वाचकांना यशवंतरावांची ही ओळख कदाचित अधिक जवळची वाटेल.

स्वातंत्र्याच्या वेळी सामीलनाम्यावर सही करताना त्यांनी भोपाळच्या नवाबांच्या सोबतीने बराच काळ घोळ घातला. अखेर सही झाली. मे १९४८मध्ये मध्य भारत राज्य अस्तित्वात आले, तेव्हा ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि होळकर उपराजप्रमुख. शिंदे-होळकरांची दीडदोनशे वर्षांची चुरस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या क्रमातील टोचणी वेगळी सांगायला नको. १९५६मध्ये तेही पद गेले. गादीच्या वारसाचा प्रश्न परदेशी आईच्या मुलापाशी अडला आणि उषाराजे यांना वारस म्हणून मान्यता मिळाली. १९६१मध्ये महाराजा गेले तेव्हा माणिकबाग उभी होती, सामानही बहुतांशी जागच्या जागी होते. अशा सामानाची किंमत तेव्हा इंदुरात कोणाला कळत नव्हती आणि पॅरिसमध्येही फारशी उरलेली नव्हती.

सत्तरच्या दशकात युरोपने आपल्याच विसरलेल्या शैलीचा पुन्हा शोध घेतला, तसे माणिकबागेचे दिवस भरले. दोन्ही संगमरवरी पक्षी १९७३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले. ते आज कॅनबेऱ्यात आहेत. पितळी पक्षी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. १९७६मध्ये वास्तू सरकारकडे आली. मे १९८०मध्ये सदबीज या लिलाव संस्थेने मोनॅकोत घरातील सामान विक्रीस काढले. खुर्च्या, दिवे, पलंग, गालिचे एकेक करून नव्या मालकांकडे गेले. त्यांतील काही वस्तूंची आज जी किंमत येते तेवढ्यात कडावला बंगल्यांची आख्खी रांग उभी राहील. शिवाजीराव यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस महेश्वरात रेवा सोसायटीमार्फत हातमागाच्या साड्यांचा व्यवसाय सावरला. वडिलांच्या हौसेपेक्षा अहिल्याबाईंच्या वाटेने जाणारे काम होते ते.

२०१९च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या सजावट-कला संग्रहालयाने यशवंतराव आणि माणिकबाग या विषयावर मोठे प्रदर्शन भरवले. विखुरलेल्या वस्तू ठिकठिकाणांहून मागवून काही महिन्यांपुरत्या पुन्हा एकत्र मांडल्या गेल्या. मान रेने टिपलेले हसरे जोडपे भिंतीवर होते, मुथेझियसचे दिवे पेटवलेले होते. इंदुरात माणिकबागेची वास्तू अजून उभी आहे. तिच्यात केंद्रीय अबकारी खात्याचे आयुक्तालय थाटले गेले आणि वस्तू व सेवा कर आल्यापासून त्याच कराच्या फायली तेथे हाताळल्या जातात.